तिचा हात वर का आहे

१७ सप्टेंबर, बीड

वनमाला,

‘प्रिय’ लिहिणार नाही. तू मला फोनवर ब्लॉक केलंस, शिवशंकरने टीमच्या ग्रुपमधून काढलं, आणि सत्यम फोन उचलून ‘क्लासमध्ये आहे’ म्हणतो तेव्हा मागे एसटीचे हॉर्न वाजत असतात. पण पोस्टमनला ब्लॉक करायचं बटण अजून कुणी काढलेलं नाही. तुझा पुण्याचा पत्ता माझ्याकडे आहे, कारण इंटर्नशिपला जाताना तुझी ती मेली जड पेटी एसटीत मीच चढवली होती. तेव्हा वाच. फाडायचं असेल तर वाचून फाड.

परवा कॉलेजच्या प्रदर्शनात आपला गेम बघितला. आपला म्हणते, काय करू, सवय लागलीय. टेबलावर बोर्ड होता, त्यावर तुमची तिघांची नावं. सगळी माणसं मी काढली, बिबट्या मी काढला, आणि माझं नाव नाही. नाव गेलं चुलीत, म्हटलं आईला तरी बघू. माझी आई, मालन, कुठंय? डोक्यावर उसाची मोळी घेऊन फडातून चालणारी, बिबट्याला कोयत्याचा धाक दाखवणारी आपल्या गेमची हिरॉईन? तर तिच्या जागी एक गोरीपान पोरगी. कमरेला चामड्याचा पट्टा, केस मोकळे. उसाच्या फडात केस मोकळे! एकदा शिरून दाखव म्हणावं तिला, पानं कशी कापतात ते कळेल.

मग समोरून हडळ आली, आणि मी टेबलाजवळ सरकले.

चेहरा निळाकाळा केलेला, डोळ्यांतल्या बाहुल्या पुसून डोळे पांढरे केलेले. पण चाल कुठं लपवणार? मान ताठ, पाऊल आधी चवड्यावर. आणि पदर. मी तुम्हाला घसा फोडून सांगत होते, उजवीकडे चालणारं चित्र आरशासारखं उलटवून डावीकडचं करू नका, पदर उजव्या खांद्यावर जातो, आमच्याकडच्या बाया हसतील. तुम्ही म्हणालात, कोण बघतंय. म्हणून मी दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढल्या. ही हडळ येताना आली तरी पदर डाव्या खांद्यावर, जाताना गेली तरी डाव्याच. एवढी काळजी घेणारी वेडी आपल्या कॉलेजात एकच आहे.

आणि तिचा हात. उजवा हात वर. तो हात वर का आहे हे तिघींना माहीत आहे, आईला, मला आणि तुला. त्या हाताने मोळी धरलेली होती. मोळी मी वेगळ्या लेयरवर काढली होती, चित्रावर दुसरी काच ठेवावी तशी, कारण कधी उसाची मोळी द्यायची होती, कधी जनावरांसाठी वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची. तुम्ही ती काच उचलली. मोळी गेली, हात तसाच राहिला. आता बघणाऱ्याला वाटतं बाई मारायलाच धावून आलीय. त्या बोटांना नखं लावली की झाली हडळ! अगं, ओझं धरलेला हात होता तो.

माझ्यासमोर रांग लावून लोक तिला मारत होते. एक सर म्हणाले, “हडळ फार छान जमलीय, कुणी काढली?” मी ‘मी’ म्हणाले नाही.

तुला आठवतंय ना? तू नांदूरघाटला आलतीस, आमच्याकडे पोटभर जेवलीस, आणि अंगणात फोन आडवा धरून उभी राहिलीस. आईची चाल आपल्याला शूट करायची होती. तू म्हणालीस, “काकू, मान वर, इकडं बघू नका.” आई म्हणाली, “मान वरच असती बाई, खाली घातली तर मोळी पडंल.” सगळ्या हसलो आपण. मग तिने विचारलं, “ह्या खेळात मी काय करती?” आणि तू म्हणालीस, “तुम्ही जिंकता, काकू.” तू म्हणालीस, वनमाला. मी नाही.

तेव्हापासून तिने ऊसतोडीच्या टोळीतल्या यच्चयावत बायकांना सांगितलंय. दिवाळी झाली की टोळी कर्नाटकातल्या कारखान्यावर जाईल, त्याआधी तिला स्वतःला बघायचंय. आणि दिवाळीनंतर तुम्ही हा गेम विद्यापीठाच्या स्पर्धेला नेणार आहात, म्हणजे सगळ्या मराठवाड्याची पोरं माझ्या आईला मारणार. प्रोजेक्टचा पासवर्ड तुझ्याकडे आहे, शिवशंकरला स्वतःचं चित्रही हलवता येत नाही. तेव्हा एक तर आईला तिच्या मोळीसकट हिरॉईन कर, नाहीतर तिचं चित्र त्या गेममधून पार काढून टाक. तिसरं काही मला चालणार नाही.

आम्रपाली


२४ सप्टेंबर, बीड

उघड्या कार्डावर लिहितेय, म्हणजे घरमालकीणबाईंनाही वाचता येईल. काकू, जय भीम, नमस्कार. तुमच्याकडे राहणारी मुलगी फार गुणी. मैत्रिणीच्या आईच्या हातचं जेवून तिने त्याच आईची हडळ केली. आता पत्राला उत्तर देत नाही. चहा मात्र चांगला करते.

आम्रपाली, बीड


२८ सप्टेंबर, बीड

वनमाला,

शिवशंकरला कॅन्टीनमध्ये गाठलं. वडापाव खात होता. मला बघून आधी उठून जायला लागला, मग वडापावकडे बघून बसला.

“कावून चिडती एवढी?” म्हणाला. “टोळीतल्या बायका सगळ्या सारख्याच दिसत्यात. तुझ्या आईला कोण वळखतंय?”

मी म्हटलं, “मी ओळखते ना.”

“तू आर्टिस्ट हाईस, तुला काहीबी दिसतं. अन् पब्लिकला काळी हिरॉईन चालत न्हाई. मी सर्वे केलाय.” सर्वे म्हणजे त्याच्या हॉस्टेलच्या मजल्यावरची पोरं. दातसुद्धा न घासता मतं देणारी. मी तिथंच आवाज चढवला, सगळं कॅन्टीन वळून बघायला लागलं. तेव्हा साहेबांनी हात झटकले. “माझ्यावर कावून ओरडती? वनमालानंच केलंय ते. गेममधला मुकादम काढून टाक म्हणाली अन् त्याच्या जागी दुश्मन म्हणून तुझी बाई टाक म्हणाली. तिला म्हणे तुझा मुकादम तिच्या पप्पांसारखा दिसतो.”

मी खुर्चीवर बसले. मला वाटत होतं शिवशंकरने केलं आणि तू गप्प बसलीस. गप्प बसण्याबद्दल मी तुला इतके दिवस शिव्या देत होते!

आता ऐक. मी मुकादम काढला तो असा: पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, सुटलेलं पोट, बुलेटवर बसून टोळीला ‘आटपा’ म्हणणारा. या वर्णनाचा मुकादम गेवराईपासून केजपर्यंत कुठल्याही हॉटेलात चहा पिताना दिसेल. मी शर्ट काढला, त्यात बाप तू बघितलास. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे.

तुझ्या पप्पांना, धोंडीरामकाकांना, मी एकदाच भेटले, तुमच्या घरी, गेवराईला. त्यांनी बसायला खुर्ची दिली, अभ्यासाचं विचारलं, बरे बोलले. तुझ्या आईने चहा आणला. तुम्हा सगळ्यांना बशीसकट कप, मला कान तुटलेला. पिऊन झाल्यावर तुमचे कप आत गेले, माझा बाहेर नळाखाली गेला. मी बघितलं, तूही बघितलंस, आणि आपण दोघी नारायणगडच्या जत्रेबद्दल बोलत राहिलो. मला तुमच्या घराचा सूडच काढायचा असता ना, तर मुकादमाच्या हातात मी तो कप दिला असता. दिला नाही. मनातसुद्धा आलं नाही माझ्या, आज पहिल्यांदा येतंय.

राग आला होता तर मला सांगायचं होतंस. माझे कान उपटायचे, माझी चित्रं फेकायची, मला काळं फासायचं. माझ्या आईने तुझं काय घोडं मारलं होतं? बाप वाचवायला आई कशाला लागते गं तुला, तीही माझी?

घरी काय सांगितलंय माहितीय? सर्व्हर बंद आहे म्हणून. आई रोज फोनवर विचारते, “अजून दुरुस्त न्हाई झाला का त्यो? मेस्तरी भेटत न्हाई का?” मी म्हणते, मेस्तरी पुण्याला गेलाय.

आम्रपाली


५ ऑक्टोबर, नांदूरघाट

वनमाला,

आईने बघितला.

दसऱ्याला घरी आलते. शिवशंकरने डाउनलोडची लिंक स्टेटसला लावलेली, ती फिरत फिरत आमच्या यशोधराच्या फोनवर आली. धाकटी बहीण माझी, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती बापडी उड्या मारत अंगणात गेली, “ताईचा गेम चालू झाला!” मी आत पीठ मळत होते. बाहेर येईपर्यंत टोळीतल्या बायका आईच्या भोवती बसल्या होत्या आणि फोन आईच्या हातात होता. कुणी पदराने काच पुसत होती.

आधी ती गोरी पोरगी आली. एक जण म्हणाली, “मालन, तू लई गोरी झालीस गं!” सगळ्या खो खो हसल्या. आईही हसली. मग हडळ आली.

एका बाईचं हसू मधेच थांबलं. “अगं मालन, ही तुझ्यावाणी चालती.”

आईने फोन डोळ्यांजवळ नेला. लई वेळ बघितलं. मग म्हणाली, “मीच हाय ही.” आणि माझ्याकडे वळून, “माझी मोळी कुठं गेली गं?”

मी पिठाचे हात घेऊन तशीच उभी राहिले. तिने यशोधराला विचारलं, मारायचं बटण कोणतं. यशोधराने दाखवलं. आईने त्यावरचं बोट काढलं आणि मांडीवर ठेवून दिलं. त्या गोरीला तिने नुसतं उभं केलं. हडळ आली, नखं मारली, स्क्रीन लाल झाली, ‘तुम्ही हरलात’. आईने परत चालू केलं. परत उभी. परत हरली.

“मार की बया, कावून मारीना?” कुणीतरी म्हणालं.

“मी मला कशाला मारू?” आई म्हणाली.

मग फोन शेजारणीने घेतला. तिला बटण माहीत होतं, तिनेही दाबलं नाही. तिच्याकडून तिसरीने घेतला. आमच्या अंगणात सगळी टोळी ओळीने हरली, वनमाला. एकीनेही बटण दाबलं नाही. तू लिहिलेला तो ‘तुम्ही हरलात’ पुन्हा पुन्हा येत होता, त्याच्या मागे सत्यमचं ते टुणटुण संगीत. मी आत जाऊन रडले. रागाने रडले, तुला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही.

बायका गेल्यावर आई आत आली. मला वाटलं चार शब्द ऐकवेल. तिने माझे हात बघितले, कणीक वाळून चिकटली होती. म्हणाली, “तू काढलंस का असं?” मी म्हटलं नाही. “मग वनमालाला माहीत हाय का हे?”

मी म्हटलं, तिला माहीत नाही.

का म्हटलं ते मला विचारू नकोस. मला माहीत नाही. तुझी बाजू घ्यायची माझी अजिबात इच्छा नव्हती, तोंडातून निघून गेलं. आणि आईने लगेच मानलं. “तरीच,” म्हणाली. “ती पोरगी असं करायची न्हाई. सांग तिला, काकूची मोळी राहिली म्हणावं.”

सांगितलं. आता तुझं तू बघ.

आम्रपाली


१७ ऑक्टोबर, नांदूरघाट

वने,

पाकीट मिळालं. पोस्टमनला वाटलं आत गोळ्याबिळ्या आहेत, हलवून हलवून बघत होता. पेन ड्राइव्ह निघाला आणि वहीच्या कागदावर तुझ्या ओळी. माझ्या पाच-पाच पानांना चार ओळींचं उत्तर देतेस, बाई! पण त्या ओळी मी इतक्यांदा वाचल्यात की पाठ झाल्यात:

‘आमे, मुकादम पप्पांसारखा दिसला म्हणून नाही, पप्पाच दिसले म्हणून राग आला. काकूंची मोळी परत ठेवलीय. त्याच हिरॉईन. मुकादमही ठेवलाय, शर्ट तोच. पासवर्ड दिला नाही म्हणून शिवशंकर टीम सोडून गेला. बोर्डवर तुझं नाव पहिलं आहे. तो कप मी बघितला होता.’

हे वाचून मी विरघळले असं समजू नकोस. अजून राग आहे. ‘मोळी परत ठेवलीय’ म्हणे, जसं काही पातेलं फडताळात ठेवलं! आणि शिवशंकर गेला ते बरंच झालं, इडा पिडा टळली. पण शेवटचं वाक्य वाचून मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले, आणि यशोधराने दोनदा हाक मारली तरी उठले नाही. एवढंच त्याबद्दल लिहीन.

आता काल काय झालं ते ऐक. लॅपटॉप अंगणात खाटेवर ठेवला. आईला म्हटलं, मेस्तरी सापडला. टोळी जमली. मालन आली. डोक्यावर मोळी, हात मोळीला, पदर डाव्या खांद्यावर, डोळे तिचे तिला परत. आईने नुसता स्वतःचा हात वर करून डोक्यावर धरला आणि स्क्रीनकडे बघत राहिली, जुळतोय का बघावं तसं. मग खेळायला बसली.

वने, काय खेळली गं! बिबट्याला कोयता दाखवून पळवला तेव्हा बायकांनी अंगण डोक्यावर घेतलं. ट्रकच्या फळीवरून चढताना सगळ्या ‘सावकाश, सावकाश’ म्हणत होत्या, जशी काही खरीच पडणार आहे. फळीच्या वर ट्रक, आणि ट्रकच्या आड बुलेटवर मुकादम.

आई थांबली. “ह्याला मारायचं का?”

“मार!” मी ओरडले. यशोधरा ओरडली, सगळी टोळी ओरडली. एक म्हातारी तर उठून उभी राहिली, माझ्या वाटणीचं मी मारते म्हणाली.

आईने वाकून बघितलं. “हा धोंडीराम हाय. वनमालाचा बाप. आमी एक साल व्हतो ह्याच्या टोळीत.” मला हे माहीतच नव्हतं. तिने कधी सांगितलं नव्हतं, आणि तू घरी आलीस, तिच्या हातचं जेवलीस, तेव्हाही तिने ते तोंडावर येऊ दिलं नाही. मी म्हटलं, मग तर मारच! ती म्हणाली, “गप गं. मारून काय व्हतंय? उद्या दुसरा शर्ट घालून दुसरा येतो.” विचार केला जरा, आणि मग ती अशी हसली की मला तिचे सगळे दात दिसले. “त्याला गाडीवरनं उतरीव. ही मोळी दे त्याच्या डोक्यावर अन् फळी चढ म्हणावं. एकदाच. मग जा म्हणावं घरी.”

बायका पोट धरून हसल्या. ती म्हातारी तर खाली बसली ती उठेचना. आणि तसं बटणच गेममध्ये नाही म्हटल्यावर आईने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. म्हणाली, “मग कर की. तू काढती, ती चालवती. आमी कारखान्यावर जायच्या आत कर.”

म्हणून कालपासून मुकादमाला चालवायला बसलेय. सगळं जमलं, शर्ट, पोट, पेन. मान जमत नाही. मी त्याच्या डोक्यावर मोळी ठेवते आणि मान आईचीच होते. पाऊल काढते, तेही तिचंच पडतं. पाच-सहा वेळा पुसलं. ज्याने कधी मोळी उचलली नाही त्याची मान मोळीखाली कशी होते, हे बघितल्याशिवाय काढता येणार नाही मला.

तू दिवाळीला गेवराईला जाशील. तुमच्या वावरात ऊस उभा आहे. काकांच्या डोक्यावर एक मोळी दे, फार मोठी नको. फोन आडवा धर आणि बाजूने शूट कर, येतानाचं आणि जातानाचं दोन्ही, उलटवून चालणार नाही, पेन एकाच खिशाला असतात. आणि आईला सांगितलं होतंस तेच त्यांना सांग: मान वर, इकडं बघू नका.

ते विचारतील, ह्या खेळात मी काय करतो. या वेळी खरं सांग.

आम्रपाली